भूक, भीक आणि भात

उलव्यात राहणारे आम्ही काही जण गेली काही वर्षे रविवारी संध्याकाळी एकत्र बसून वाचतो. कोणी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते, कोणी मराठी, दोघे-तिघे अजून विद्यार्थी आहेत. गेल्या पावसाळ्यात एलिझाबेथ गॅस्केल यांची १८४८ सालची ‘मेरी बार्टन’ ही कादंबरी वाचायला घेतली आणि जमेल तसे तिचे मराठी करून पाहावे असे ठरले. पहिली काही प्रकरणे बरी सरली. मग मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या तोंडी एक शब्द वरचेवर येऊ लागला आणि आमचे काम अडले. तो शब्द म्हणजे ‘क्लेम’. कामगार स्वतःला भुकेला म्हणत नाही, ‘क्लेम्ड’ म्हणवतो. एका विद्यार्थिनीने समासात ‘उपाशी’ असे लिहिले, दुसऱ्याने ते खोडून ‘भुकेकंगाल’ केले. त्यावरून जो वाद झाला तो त्या संध्याकाळी मिटला नाही. पुढचे काही रविवार कादंबरी बाजूला राहिली आणि आम्ही कोश उघडून बसलो. त्या बैठकांतून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

आधी मूळ शब्दाविषयी. क्लेम हा लँकेशर, चेशर आणि आसपासच्या परगण्यांतला बोलीशब्द. काही भागांत त्याचा उच्चार ‘क्लॅम’ असा होतो. जुन्या इंग्रजीत ‘बेक्लेमन’ असे क्रियापद होते; अर्थ बांधून टाकणे, आवळणे. जर्मन आणि डच भाषांत ‘क्लेमेन’ आजही चिमटणे, दाबून धरणे या अर्थाने चालते. सुताराच्या हत्याराला आपण ‘क्लॅम्प’ म्हणतो तो याच गोतावळ्यातला. म्हणजे उत्तर इंग्लंडच्या कामगाराने भुकेला जे नाव दिले त्यात पोट, अन्न, खाणे यांपैकी काहीच नाही. आहे ती फक्त पकड. कोणीतरी आवळून धरले आहे, एवढेच तो शब्द सांगतो. धरणारा कोण, हे सांगत नाही.

याला आणखी एक कारण होते. प्रमाण इंग्रजीतला ‘स्टार्व्ह’ हा शब्द उत्तरेकडे भुकेसाठी मोकळा नव्हता. त्याचा जुना अर्थ नुसता ‘मरणे’ असा. जर्मन भाषेतला ‘श्टेर्बेन’ अजून तोच अर्थ बाळगून आहे. दक्षिणेत तो अर्थ आक्रसत ‘अन्नावाचून मरणे’ असा झाला, उत्तरेत मात्र ‘थंडीने गारठणे’ असा. त्यामुळे लँकेशरचा माणूस थंडीने ‘स्टार्व्ह’ होई आणि भुकेने ‘क्लेम’ होई. ज्याच्या घरात कोळसाही नाही आणि पीठही नाही त्याला दोन वेगळे शब्द लागतच.

गॅस्केलबाईंचे पती विल्यम गॅस्केल हे धर्मोपदेशक आणि बोलीचे अभ्यासक. कादंबरीतल्या बोलीशब्दांच्या तळटिपा त्यांच्या आहेत. ‘क्लेम’वरच्या टिपेत त्यांनी बेन जॉन्सन या नाटककाराचा दाखला दिला आहे. त्यामागचा हेतू उघड आहे. लंडनचा वाचक ज्या बोलीला अडाण्यांची बोली समजून नाक मुरडतो, ती शेक्सपिअरच्या समकालीनाची भाषा आहे, हे त्यांना दाखवायचे होते. १८५४ मध्ये लँकेशरच्या बोलीवरची त्यांची दोन व्याख्याने कादंबरीच्या नव्या आवृत्तीला जोडली गेली. भुकेल्याचा शब्द प्रतिष्ठित ठरवण्यासाठी एवढी खटपट करावी लागली याचे आम्हाला हसूही आले आणि वाईटही वाटले. भुकेलेला माणूस खरे बोलतो आहे, हे पटवायला त्याचा शब्द जुना असावा लागतो की काय!

यानंतर आम्ही आपल्या शब्दांकडे वळलो. सुरुवात अर्थातच ‘भूक’पासून.

भूक या शब्दाची वंशावळ कोशकारांमध्ये वादाची नाही. संस्कृत बुभुक्षा, प्राकृत बुहुक्खा आणि भुक्खा, मराठी भूक. हिंदीत हाच शब्द ‘भूख’ असा राहिला. मराठीने शेवटच्या ‘ख’मधला हकार टाकून दिला. हाथचे हात झाले, भीखचे भीक झाले, सीखनाचे शिकणे झाले, तसेच हे. (दूध आणि वाघ यांनी मात्र आपला हकार सोडला नाही, तेव्हा नियम म्हणून छातीठोकपणे सांगू नये.) संस्कृतातल्या ‘क्ष’चे मराठीत दोन प्रकारे रूपांतर होते. कधी त्याचा ‘श’ किंवा ‘स’ होतो, जसे क्षेत्राचे शेत, इक्षूचा ऊस, मक्षिकेची माशी, कुक्षीची कूस. कधी ‘ख’ होतो, जसे क्षाराचे खार, क्षीराची खीर. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या मराठीविषयक ग्रंथात या दुहेरी वाटेची चर्चा बारकाईने केली आहे आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या भाषांतरामुळे ती मराठी वाचकालाही उपलब्ध आहे. भूक दुसऱ्या वाटेने आली. पहिल्या वाटेने आली असती तर आपण ‘भूस लागली’ असे म्हटले असते, आणि भुसाच खायची वेळ आलेल्याला ते विपरीत वाटले नसते.

व्युत्पत्ती एवढ्यावर थांबली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. बुभुक्षा हे रूप कसे तयार झाले हे पाहिले की गोष्ट वेगळी होते. संस्कृत व्याकरणात धातूला ‘सन्’ प्रत्यय लावून इच्छार्थक रूप होते. ज्ञा म्हणजे जाणणे, जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. पा म्हणजे पिणे, पिण्याची इच्छा ती पिपासा. मुच् म्हणजे सुटणे, सुटण्याची इच्छा ती मुमुक्षा. त्याच साच्यात भुज् धातूपासून बुभुक्षा. म्हणजे आपल्या भुकेचा शब्दार्थ रिकामे पोट असा नाही, वेदना असाही नाही. तो ‘हवे आहे’ असा आहे. लँकेशरच्या शब्दात माणूस धरला गेलेला आहे. आपल्या शब्दात तो मागणारा आहे.

आता भुज् या धातूकडे पाहू. त्याचा अर्थ नुसते खाणे नव्हे. भोजन त्यातून येते तसा भोगही त्यातूनच येतो. पाणिनीने त्याचे दोन अर्थ पदांवरून वेगळे केले आहेत: आत्मनेपदात खाणे-उपभोगणे, परस्मैपदात पाळणे-रक्षण करणे. राजा हा पृथ्वीचा ‘भूभुज्’ असतो, आणि त्यात पाळणारा व उपभोगणारा हे दोन्ही अर्थ मिसळलेले असतात. दर्शनग्रंथांत बुभुक्षू आणि मुमुक्षू अशी जोडी आढळते. एकाला भोग हवा, दुसऱ्याला मोक्ष. तिथला बुभुक्षू उपाशी असतोच असे नाही, तो चांगला खाऊनपिऊन सुखी गृहस्थ असू शकतो. हा ऐसपैस, ऐश्वर्य मागणारा शब्द झिजत झिजत पोटाच्या खळगीपर्यंत आला.

तहान या शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. तृष्णा, तण्हा, तहान. मूळ धातूचा अर्थ कोरडे पडणे असा, अगदी शारीरिक. इंग्रजीतला ‘थर्स्ट’ त्याच कुळातला. पण बौद्ध विचारात तण्हा म्हणजे दुःखाचे मूळ असलेली वासना झाली. घशाची कोरड मनाच्या हव्यासापर्यंत चढली, आणि भोगाची इच्छा पोटातल्या आगीपर्यंत उतरली. मराठीत दोन्ही शब्द आज शेजारी शेजारी नांदतात आणि ‘तहानभूक हरपली’ म्हणताना कोणाला या चढउताराची आठवण होत नाही. बाकी पोट हा शब्द मात्र संस्कृतातून आलेला नाही. प्राकृतातला ‘पोट्ट’ हा देशी शब्द आहे. पोट देशी आणि त्यात पडणारी आग संस्कृत, असा हा संसार आहे.

मराठी वाक्यरचनाही पाहण्यासारखी. भूक आपण करत नाही, ती आपल्याला ‘लागते’. तहान लागते, झोप लागते, नाद लागतो, भूतही लागते. थंडी मात्र ‘वाजते’. लागणे म्हणजे चिकटणे. इथे आपली भाषा लँकेशरच्या जवळ येते. आणि ‘पोटाला चिमटा काढणे’ हा वाक्प्रचार तर थेट क्लेमच्या दारातच जाऊन उभा राहतो. फरक एवढाच, की आपल्याकडे चिमटा काढणारा आणि ज्याला काढला जातो तो एकच माणूस असतो. आईने पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवले, असे आपण कौतुकाने म्हणतो. ज्याने खरोखर चिमटा काढला तो या कौतुकात कुठेच दिसत नाही. या वाक्प्रचाराबद्दल आमच्यात एकमत झाले नाही. काहींना त्यात स्वाभिमान दिसला. आम्हाला, म्हणजे आमच्यातल्या बहुसंख्यांना, तो सोयीचा वाटतो. ज्यांना सोयीचा आहे ते भुकेलेले नसतात.

‘उपाशी’ हा शब्द याहून चमत्कारिक. उपवास म्हणजे जवळ वास करणे. यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमानाने अग्नीजवळ राहायचे, देव त्याच्या घरी वस्तीला यायचे, आणि पाहुण्यांच्या आधी आपण खायचे नाही, असे ब्राह्मणग्रंथांतले स्पष्टीकरण आहे. पाली भाषेतला ‘उपोसथ’ तिथूनच निघाला. उपवासाचा उपास झाला, उपवासीचा उपाशी. स्वेच्छेने, घरात धान्य असताना, पाहुण्याच्या मानासाठी न जेवणाऱ्याचा शब्द आपण घरात दाणा नसलेल्या माणसाला लावला. नंतर फरक करावासा वाटला तेव्हा ‘उपासमार’ असा जोडशब्द केला. एकादशीचा उपास आणि उपासमार यांच्यात फक्त एक ‘मार’ आहे. तो कोण मारतो, हे शब्द सांगत नाही. याबाबतीत तो क्लेमचाच भाऊ.

आता शीर्षकातल्या दुसऱ्या शब्दाकडे. भीक म्हणजे भिक्षा, आणि भिक्ष् या धातूविषयी कोशकारांचा कल असा, की तेही मुळात इच्छार्थक रूपच आहे. मूळ धातू भज्. भज् म्हणजे वाटणे, वाटा देणे, वाटा घेणे. त्यातून भाग येतो, भाग्य येते, भक्ती येते. मग भिक्षा म्हणजे वाटा मिळावा ही इच्छा. भीक या शब्दाला आज जी लाज चिकटली आहे ती मुळात नव्हती. तो वाटेकऱ्याचा शब्द होता. आणि याच भज् धातूचे भूतकाळवाचक विशेषण ‘भक्त’: वाटून दिलेले. वाटून दिलेले म्हणजे काय, तर जेवणाचा वाटा, शिजलेले अन्न. भक्ताचे प्राकृतात भत्त झाले आणि मराठीत भात. नोकरदार मंडळी ज्याची वाट पाहतात तो महागाई ‘भत्ता’ही याच घरातला. देवाचा भक्त आणि ताटातला भात हे सख्खे भाऊ आहेत असे सांगितल्यावर वर्गात हशा पिकतो असा आमच्यातल्या मराठीच्या प्राध्यापकांचा अनुभव आहे. पण त्या हशामागे जे आहे ते हसण्यासारखे नाही. भूक ही भोगाची इच्छा, भीक ही वाट्याची इच्छा आणि भात हा प्रत्यक्ष वाटा. भाषेच्या तळाशी अन्नाचा प्रश्न वाटणीचा प्रश्न म्हणूनच नोंदवून ठेवलेला आहे.

दुष्काळाचा जुना शब्दही हेच सांगतो. दुष्काळ म्हणजे वाईट काळ; त्यात ऋतूला दोष आहे. दुर्भिक्ष म्हणजे जेव्हा भिक्षा मिळणे कठीण होते ती वेळ. इथे आकाशाकडे न पाहता दारात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले आहे: घरात असेल-नसेल, पण देणारा हात आखडला की दुर्भिक्ष. कौटिल्याने अर्थशास्त्रात आठ दैवी संकटांत दुर्भिक्ष गणले आहे. अग्नी, पूर, रोगराई, उंदीर, श्वापदे यांच्या रांगेत. पण उपाय सांगताना तो दैवावर सोडत नाही. राजाने बियाणे आणि ‘भक्त’ पुरवावे, अन्न देऊन तटबंदी आणि बंधाऱ्यांची कामे काढावीत, असे तो सांगतो. अर्थशास्त्राच्या त्या प्रकरणात भक्त हा शब्द वाटून द्यायचे अन्न या अर्थानेच येतो. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. तिची वंशावळ सांगताना कौटिल्याचे नाव क्वचितच घेतले जाते, ते घ्यायला हरकत नाही.

शब्दांची काळजी सरकारही घेते. १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा केला, ज्याचा विषयच मुळी एक शब्द होता. राज्याला लागू असलेल्या सगळ्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकावा आणि त्याजागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, असा शब्द घालावा, असा तो कायदा. राज्यात आता दुष्काळ पडण्याजोगी स्थितीच उद्भवणार नाही, ही त्यामागची धारणा. त्यानंतर नऊ वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायला गेलेल्यांना सुकडी वाटली गेली, परदेशातून आलेला मिलो लोकांनी नाक मुरडत खाल्ला. कागदोपत्री ती टंचाई होती. लोक मात्र आजही बहात्तरचा ‘दुष्काळ’च म्हणतात, ‘बहात्तरची टंचाई’ असे म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. शब्दावर बंदी घालता येते, पण ती फक्त कायद्याच्या पुस्तकात.

इथपर्यंत आलो तेव्हा आमच्या लक्षात आले, की हे सगळे आपण जिथे बसून बोलतो आहोत ती जमीन म्हणजे भाताची जमीन आहे. उलव्याला रेल्वेने येणारा खारकोपर स्थानकावर उतरतो. पुढच्या एका स्थानकाचे नाव शेमटीखार. खार म्हणजे क्षार; बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतलेली शेती ती खारशेती. मघाशी सांगितलेल्या ‘क्ष’च्या दोन्ही वाटा या एका शब्दात एकत्र आलेल्या आहेत: क्षारची खार, क्षेत्राचे शेत. ही शेती आणि मिठागरे आगरी समाजाने कसली. कोकणात भात म्हणजे शिजलेला तसाच शेतात उभा असलेला आणि कोठारात भरलेलाही. वाटा हा अर्थ मात्र लोकांच्या स्मरणातून गेला, आणि तो गेला असताना वाट्याचीच लढाई लढावी लागली.

पनवेल तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असा निर्धार होता. राबायचे कुळाने, आणि पिकाचा मोठा हिस्सा, वर नाना प्रकारच्या बाबी, खोताच्या घरी जायच्या. त्याविरुद्ध हा संप. तो १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्याने न पेरण्याचा संप करणे म्हणजे काय, याचा विचार करावा. गिरणी कामगार संपावर गेला तर मालकाचे कापड अडते. शेतकरी संपावर गेला तर पहिल्यांदा त्याचेच ताट रिकामे होते. ही माणसे सहा पावसाळे खाडीतली मासळी आणि रानातला लाकूडफाटा यांवर जगली. त्यांच्या त्या भुकेला आपण कोणता शब्द लावायचा? ती उपासमार नव्हती, कारण ती पत्करलेली होती. उपवासही नव्हता, कारण पुण्याची अपेक्षा नव्हती. बुभुक्षा या शब्दाचा मूळ अर्थ, भोगाची इच्छा, जमिनीच्या उपभोगाची इच्छा, हा तिथे नेमका बसतो. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. संपानंतरच्या काळात कुळाला कायद्याने कूळ म्हणून ओळख मिळू लागली. आज सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘भोगवटादार’ असा शब्द असतो. त्यातला भोग हा भुकेचाच सख्खा नातलग आहे. त्या रकान्यात नाव लागावे म्हणून सहा वर्षे उपाशी राहिलेली माणसे या जिल्ह्यात होऊन गेली.

याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, मार्च १९२७ मध्ये भीक आणि वाटा यांच्यातला फरक आणखी धारदार शब्दांत मांडला गेला होता. गावगाड्यात महारांना मिळणारी भाकरी हा म्हटले तर हक्क होता, पण तो उष्ट्याच्या रूपाने, दारोदार हात पसरून घ्यावा लागे. हक्काला भिकेचे रूप दिले की घेणाऱ्याला तो हक्क असल्याचा विसर पडतो. उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे आंबेडकरांनी त्या परिषदेत सांगितले. खाणे सोडा, असे भुकेल्या लोकांना सांगणे सोपे नव्हते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि त्यानंतरची दलित आत्मकथने वाचताना विद्यार्थी भुकेच्या वर्णनांनी हेलावून जातात. ते ठीकच आहे. पण ‘बलुतं’ हे शीर्षक वाट्याचे नाव आहे, याकडे आम्ही त्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. भुकेवरचे पुस्तक वाट्याच्या नावाने निघाले, हे आम्हाला योगायोगाचे वाटत नाही.

उलव्याची पुढची कथा वाचकांना ठाऊक असेल. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, नव्या मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन घेतली गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, येथून हाकेच्या अंतरावर, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. भज् धातू इथे टक्केवारीच्या वेषात उभा आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले, गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला प्रवासी विमाने सुरू झाली. आमच्या वाचनात अधूनमधून त्यांचा आवाज शिरतो.

आमच्या इमारतीत एक आजी राहतात, विमानतळासाठी उठलेल्या एका गावातल्या. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. त्यांच्या तोंडून दुष्काळ हा ‘दुष्काल’ म्हणून येतो आणि तो ऐकायला अधिक खरा वाटतो. एका रविवारी त्या सहज येऊन बसल्या. आम्ही त्यांना विचारले, आजी, तुमच्याकडे भुकेला वेगळा शब्द आहे का? त्यांना प्रश्नच कळला नाही, आणि तो कळण्यासारखा नव्हताही. भुकेला भूक नाही म्हणायचे तर काय म्हणायचे? मग आम्ही त्यांना मँचेस्टरच्या कामगारांची गोष्ट थोडक्यात सांगितली. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी त्यांच्या आईच्या वेळची, खोतीच्या दिवसांची आठवण काढली. “भात होता, पन खावाला नव्हता,” असे म्हणून त्या गप्प बसल्या.

आम्हाला त्या वाक्यानंतर बराच वेळ बोलायला सुचले नाही. पुढे कोणीतरी लँकेशरचा विषय पुन्हा काढला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस येईना, गिरण्या बंद पडल्या आणि लँकेशर खरोखर ‘क्लेम’ झाले. त्या काळाला तिथे ‘कॉटन फॅमिन’ म्हणतात, कापसाचा दुष्काळ. आपल्याकडे १९६३ मध्ये खोडलेला शब्द तिथे कापसाला लावला गेला होता. त्याच वर्षांत मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी चढ्या भावाने निघत होत्या, इथले व्यापारी श्रीमंत होत होते, आणि तिथला विणकर आखूड धाग्याच्या ‘सुरत’ कापसाला शिव्या देत होता. ‘सुरत’ हा शब्द तिथे निकृष्ट मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला होता. त्यांच्या भुकेच्या वर्षांत आपल्या शहराची भरभराट झाली, हेही शब्दाच्या इतिहासाबरोबर वाचायला हवे. कामगारांच्या भुकेला आणि मुंबईच्या पैशाला एकच युद्ध कारण होते.

भाषांतराचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. ‘उपाशी’ आम्ही रद्द केले, त्यात देवाच्या शेजारची जागा फार आहे. ‘भुकेकंगाल’ही रद्द झाले, कारण तो बाहेरून पाहणाऱ्याचा, कीव करणाऱ्याचा शब्द आहे, जॉन बार्टन स्वतःविषयी असे म्हणणार नाही. ‘आवळला गेलेला’ असे कोणीतरी सुचवले. पकड आली पण भूक गेली. तूर्त आम्ही एक तडजोड केली आहे. ज्या ठिकाणी कामगार स्वतःच्या उपासाबद्दल बोलतो तिथे ‘पोटाला चिमटा बसला’ असे लिहितो. ‘काढला’ असे न लिहिता ‘बसला’ असे लिहितो, म्हणजे चिमटा काढणारा दुसराच कोणी आहे हे राहते. विद्यार्थिनीने समासात ते पेन्सिलीने लिहिले आहे आणि शेजारी प्रश्नचिन्ह ठेवले आहे. पुढचे प्रकरण येत्या रविवारी.